खांदेपालट : सर्व्हरच्या भारवाटपाचे शास्त्र आणि व्यवहार

‘खांदेपालट’ हा शब्द आज आपल्याला मंत्रिमंडळाच्या बातम्यांतच भेटतो. मुळात तो ओझे वाहणाऱ्यांचा शब्द. पालखी वाहणारे भोई वाट चालता चालता खांदा बदलत, थकलेला भोई बाजूला होई, ताजा त्याच्या जागी येई, आणि या सगळ्यात पालखी जमिनीला टेकत नसे. आत बसलेल्याला खांदा कधी बदलला ते कळू नये, यातच भोयांचे कौशल्य होते. संगणकाच्या जगात हेच काम करणाऱ्या यंत्रणेला ‘लोड बॅलन्सर’ म्हणतात. आपण तिला भारवाटप यंत्रणा म्हणू. एका संकेतस्थळाचा भार अनेक सर्व्हरांवर वाटायचा, थकलेल्याला बाजूला घ्यायचे, ताज्याला जोडायचे, आणि वाचकाला यातले काही जाणवू द्यायचे नाही, एवढे तिचे काम.

साहित्याच्या वाचकाने याची दखल का घ्यावी? गेल्या दोन-तीन दशकांत आपल्याकडच्या नियतकालिकांचे जुने अंक, ग्रंथालयांच्या सूची, दुर्मीळ पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर जाऊन बसल्या आहेत. बहुतेक ठिकाणी असा सर्व्हर एकच असतो. वर्षातले साडेतीनशे दिवस त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. मग एखाद्या मोठ्या लेखकाच्या निधनाची बातमी येते, जुन्या अंकातल्या त्याच्या कथेचा दुवा हजारो लोकांच्या फोनवर पोहोचतो, आणि त्याच संध्याकाळी संग्रह उघडेनासा होतो. ज्या दिवशी वाचकाला त्या पानाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्या दिवशी ते पान मिळत नाही. हा योगायोग नव्हे. त्यामागे शंभर वर्षांपूर्वी मांडले गेलेले गणित आहे.

रांगेचे गणित

हे गणित टेलिफोनमुळे जन्माला आले. आग्नेर क्रारुप एरलांग हा डॅनिश गणिती १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत दाखल झाला. कंपनीपुढचा प्रश्न साधा होता : अमुक इतके लोक दूरध्वनी करणार असतील, तर तारा किती टाकाव्यात आणि जोडणी करून देणारे कर्मचारी किती नेमावेत? जास्त नेमले तर पैसा वाया, कमी नेमले तर ग्राहक खोळंबणार. लोक केव्हा फोन उचलतील हे कोणी ठरवून देत नाही, ते आपापल्या मर्जीने येतात. १९०९ मध्ये एरलांगने टेलिफोन संभाषणांना संभाव्यताशास्त्र लावून दाखवले, आणि १९१७ च्या निबंधात सगळ्या तारा गुंतलेल्या असण्याची शक्यता किती आणि वाट किती पाहावी लागेल, याची सूत्रे दिली. दूरध्वनी वाहतूक मोजण्याच्या एककाला पुढे त्याचेच नाव मिळाले. आज ज्याला रांगशास्त्र म्हणतात त्याचा आरंभ इथे झाला.

या शास्त्रातले सर्वांत साधे सूत्र आपल्या कामाचे आहे. समजा, एक सर्व्हर एक पान तयार करून द्यायला सरासरी एक दशांश सेकंद घेतो. म्हणजे सेकंदाला दहा पाने ही त्याची कमाल क्षमता. वाचक आपापल्या मर्जीने, अनियमितपणे येतात असे धरले, तर सेकंदाला ५ वाचक आले असता प्रत्येकाला सरासरी ०.२ सेकंद लागतात. ८ आले तर ०.५ सेकंद. ९ आले तर १ सेकंद. ९.५ ला २ सेकंद, आणि ९.९ ला १० सेकंद. भार पाचावरून आठावर गेला तेव्हा वाचकाला काही जाणवलेही नाही, पण नवावरून जेमतेम दहाव्या हिश्श्याने वाढला तेव्हा वाट पाहण्याचा काळ दसपट झाला. दहाच्या वर गेल्यास रांग वाढतच राहते, ती कधीच संपत नाही. काल सुरळीत असलेला सर्व्हर आज एकाएकी का बसला, याचे उत्तर या आकड्यांत आहे. तो एकाएकी बसलेला नसतो. तो बरेच दिवस काठावर उभा असतो.

आता त्याच क्षमतेचे दोन सर्व्हर घेऊ आणि सेकंदाला ९ वाचक त्यांच्यात वाटू. डोळे मिटून निम्मे इकडे, निम्मे तिकडे पाठवले, तर प्रत्येकाला सरासरी ०.१८ सेकंद लागतात. पण दोघांसाठी एकच सामाईक रांग ठेवली आणि जो मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा वाचक पाठवला, तर हाच आकडा ०.१३ च्या जवळ येतो. यंत्रे तीच, वाचक तेवढेच, फक्त वाटण्याची रीत बदलली. बँकेत प्रत्येक खिडकीसमोर वेगळी रांग असताना आपलीच रांग का खोळंबली म्हणून चडफडणाऱ्याला आणि नंतर टोकन पद्धत आल्यावर सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्याला हा फरक गणिताशिवाय ठाऊक आहे.

पाळी लावणे

संकेतस्थळांच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणनकेंद्राने १९९३ मध्ये ‘मोझेक’ हा ब्राउझर प्रसिद्ध केला आणि त्याच केंद्राच्या संकेतस्थळावर लोकांची रीघ लागली. एक यंत्र पुरेना. १९९४ मध्ये तिथल्या मंडळींनी एक युक्ती केली. संकेतस्थळाचे नाव एकच ठेवले, पण त्या नावामागे अनेक यंत्रांचे पत्ते नोंदवले आणि विचारणाऱ्याला ते पत्ते आळीपाळीने दिले. इंटरनेटवर नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. तिच्याच साहाय्याने भार वाटण्याच्या या विषयावर १९९५ मध्ये आरएफसी १७९४ हा दस्तऐवजही निघाला.

आळीपाळीने देण्याच्या या पद्धतीला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. पूर्वी इंग्रज खलाशी कप्तानाविरुद्ध अर्ज करताना सह्या वर्तुळात करीत, म्हणजे पहिली सही कोणाची हे कळू नये आणि एकट्यावर बालंट येऊ नये. वर्तुळाला आरंभ नसतो, तसा या वाटपातही कोणी पहिला नसतो. मराठीत यासाठी ‘पाळी’ हा नेटका शब्द आहे. कालव्याचे पाणी शेजपाळीने घेणाऱ्या शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

पण नावाच्या पातळीवर पाळी लावण्यात मोठी खोट आहे. एकदा मिळालेला पत्ता वाचकाचा फोन, त्याचा ब्राउझर आणि मधली सेवा लक्षात ठेवतात. दोनपैकी एक सर्व्हर बंद पडला तरी डीएनएस त्याचा पत्ता देत राहते, कारण पत्त्यावर कोणी जिवंत आहे की नाही हे पाहणे मुळात तिचे काम नाही. अशा वेळी काही वाचकांना संकेतस्थळ उघडते, काहींना नुसते फिरते चक्र दिसते, आणि तक्रार आली की व्यवस्थापक स्वतः उघडून पाहतो व ‘माझ्याकडे तर चालू आहे’ असे उत्तर देतो.

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले ही परीक्षा देतात आणि दुपारी एकच्या ठोक्याला त्यांची घरे एकाच वेळी निकाल पाहू लागतात. राज्य मंडळ निकालासाठी एकापेक्षा अधिक संकेतस्थळांचे पत्ते जाहीर करते. हेही भारवाटपच, फक्त वाटण्याचे काम विद्यार्थ्यावर सोपवलेले. यादीतला पहिला पत्ता सगळेच आधी उघडतात, ही त्यातली अडचण. म्हणून वाटणारा दारातच बसलेला बरा.

पाकीट आणि पत्र

दारात बसणारी ही यंत्रणा दोन पातळ्यांवर काम करू शकते. पोस्टातला वर्गीकरण करणारा कर्मचारी पाकिटावरचा पत्ता पाहून पाकीट योग्य पिशवीत टाकतो, आत काय लिहिले आहे ते पाहत नाही. त्याचे काम म्हणून झपाट्याने होते. दुसरीकडे कचेरीतला आवक-जावक कारकून पाकीट फोडतो, मजकूर वाचतो आणि मग ठरवतो की हे लेखा विभागाकडे, हे आस्थापनेकडे. याला वेळ जास्त लागतो, पण निर्णय शहाणपणाचा होतो. जाळ्याच्या परिभाषेत पहिल्याला चौथ्या स्तरावरचे वाटप म्हणतात, दुसऱ्याला सातव्या. दुसऱ्या पद्धतीत ‘चित्रांची मागणी त्या सर्व्हरकडे, शोधाची मागणी या सर्व्हरकडे’ असे नियम लावता येतात.

आरंभी हे काम करणारी स्वतंत्र महागडी यंत्रे विकली जात. पुढे मुक्त सॉफ्टवेअरने ते सर्वांच्या आवाक्यात आणले. चीनमध्ये वेनसाँग झांग याने १९९८ मध्ये लिनक्सवर चालणारा एलव्हीएस हा प्रकल्प सुरू केला. तो पाकिटाच्या पातळीवर काम करतो. फ्रान्सच्या विली तारो याची एचए-प्रॉक्सी २००१ ची, रशियाच्या इगोर सिसोयेवचे एनजिनेक्स २००४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न अमेरिकेच्या डॅन केगेलने १९९९ मध्ये ठळकपणे मांडला होता. एनजिनेक्स हे त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी एक. ही सारी साधने आजही फुकट मिळतात आणि लहान संस्थेने भाड्याने घेतलेल्या साध्या सर्व्हरवर उत्तम चालतात.

प्रत्यक्ष मांडणी

एखाद्या नियतकालिकाच्या संग्रहासाठी तीन भाड्याचे सर्व्हर घेतले आहेत असे धरू. एक पुढे, दोन मागे. तिघेही एकाच पुरवठादाराकडे, एकाच शहरात आणि शक्यतो एकाच खासगी जाळ्यात असावेत, म्हणजे त्यांचे आपसातले बोलणे बाहेर जात नाही. संकेतस्थळाच्या नावापुढे डीएनएसमध्ये फक्त पुढच्या सर्व्हरचा पत्ता नोंदवायचा. मागच्या दोघांच्या फायरवॉलमध्ये असा नियम घालायचा की वाचकांची मागणी केवळ पुढच्याच्या खासगी पत्त्यावरून आली तरच स्वीकारावी. हा नियम राहून गेला, तर मागचे दरवाजे जगाला उघडे राहतात आणि पुढच्या पहारेकऱ्याला अर्थ उरत नाही.

पुढच्या सर्व्हरवर एचए-प्रॉक्सी बसवली की तिची एक साधी मजकूर-फाइल लिहावी लागते. तिचे मुख्य भाग दोन. ‘फ्रंटएंड’ या भागात कोणत्या दारावर ऐकायचे ते लिहायचे आणि सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र कुठे आहे ते सांगायचे. कुलूप-किल्लीचे काम एकाच जागी होत असल्याने प्रमाणपत्राचे नूतनीकरण मागच्या प्रत्येक यंत्रावर करत बसावे लागत नाही. ‘बॅकएंड’ या भागात मागच्या सर्व्हरांची नावे, त्यांचे खासगी पत्ते आणि वाटपाची पद्धत लिहायची. याशिवाय जोडणी होण्यासाठी किती थांबायचे, सर्व्हरच्या उत्तराची किती वाट पाहायची आणि गप्प बसलेल्या वाचकासाठी जागा किती वेळ अडवून ठेवायची, या तीन मुदती स्पष्ट लिहाव्यात. मुदत न लिहिणे म्हणजे अनंतकाळ थांबण्याची तयारी दाखवणे होय.

वाटपाच्या पद्धती अनेक असल्या तरी लहान कामाला तीन पुरतात. सगळ्या मागण्या साधारण सारख्या असतील तर पाळी. एक यंत्र थोर आणि एक लहान असेल तर पाळीला वजन द्यायचे : थोरल्याला तीन, धाकट्याला एक. काही मागण्या क्षणात संपणाऱ्या आणि काही, उदाहरणार्थ स्कॅन केलेला पूर्ण अंक उतरवून घेणे, रेंगाळणाऱ्या असतील, तर ज्याच्याकडे सध्या सर्वांत कमी जोडण्या चालू आहेत त्याला पुढचे काम द्यायचे. या शेवटच्या पद्धतीला ‘लीस्ट कनेक्शन’ म्हणतात.

मोठ्या यंत्रसमूहांसाठी एक चौथी पद्धत आहे, आणि तिच्यामागचे गणित सुंदर आहे. दहा लाख चेंडू दहा लाख डब्यांत डोळे मिटून टाकले, तर सर्वांत भरलेल्या डब्यात साधारण आठ-नऊ चेंडू सापडतात. पण प्रत्येक वेळी दोन डबे सहज निवडून त्यातल्या कमी भरलेल्यात चेंडू टाकला, तर हा आकडा चारच्या आसपास येतो. सगळे डबे तपासायची गरज नाही, दोन पाहिले की पुरे. अझार, ब्रोडर, कार्लिन आणि उपफाल यांनी १९९४ मध्ये हे सिद्ध केले, मायकेल मिट्झेनमाकर याने १९९६ च्या प्रबंधात ते पुढे नेले, आणि आज एनजिनेक्स व एचए-प्रॉक्सी या दोन्हींत ही पद्धत उपलब्ध आहे.

फाइल लिहून झाल्यावर ती लगेच लागू करू नये. तपासणीची आज्ञा देऊन चुका पाहाव्यात. मागच्या प्रत्येक सर्व्हरच्या उत्तरात त्याची ओळखखूण घालून तेच पान वीस वेळा मागवावे आणि पाळी खरोखर फिरते का ते पाहावे. मग धीर करून मागचा एक सर्व्हर मुद्दाम बंद करावा. संकेतस्थळ चालू राहिले तर मांडणी झाली. हा प्रयोग शांत दुपारी केलेला बरा, नाहीतर गर्दीची संध्याकाळ तो आपल्यावतीने करते.

एक बारीक गोष्ट इथेच सांगायला हवी. या मांडणीनंतर मागच्या सर्व्हरला प्रत्येक वाचक एकाच पत्त्यावरून आलेला दिसतो, कारण त्याच्याशी बोलतो तो पुढचा सर्व्हरच. त्रास देणारा पत्ता आपोआप अडवण्याची सोय तिथे चालू असेल, तर ती पुढच्या सर्व्हरलाच अडवील आणि सगळे वाचक एका फटक्यात बाहेर राहतील. म्हणून मूळ वाचकाचा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या शिरोलेखात घालून मागे पाठवायचा. तोही फक्त पुढच्या सर्व्हरकडून आला असेल तरच खरा मानायचा, कारण असा शिरोलेख कोणालाही बनवता येतो.

नाडी पाहणे

भारवाटप यंत्रणेचा खरा प्राण वाटपात नसून तपासणीत आहे. एचए-प्रॉक्सीला सांगितले तर ती दर दोन सेकंदांनी मागच्या प्रत्येक सर्व्हरची नाडी पाहते. लागोपाठ तीन वेळा उत्तर आले नाही तर त्याला आजारी ठरवून पंगतीतून उठवते, आणि पुढे लागोपाठ दोन वेळा नीट उत्तर आले की पुन्हा बसवते. हे तिचे ठरीव आकडे, हवे तर बदलता येतात. तीनदा का? एकदा ठेच लागली म्हणून कोणी लंगडा ठरत नाही, म्हणून.

पण विचारायचे काय? ‘जिवंत आहेस का?’ एवढेच विचारले, तर ज्याचे प्रत्यक्ष काम बंद पडले आहे असा सर्व्हरही ‘आहे’ म्हणतो. त्यातून एक विलक्षण घोटाळा होतो. बिघडलेला सर्व्हर प्रत्येक मागणीला क्षणार्धात ‘चूक झाली’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. त्याच्याकडे चालू जोडण्या नेहमी कमीच दिसतात. मग कमीत कमी जोडण्यांची पद्धत त्यालाच सर्वांत रिकामा समजून एकेक करत सगळे वाचक त्याच्याकडे लोटते. कामचुकाराला जास्त काम मिळावे आणि ते सगळे त्याने बिघडवावे, असा हा प्रकार.

म्हणून तपासणीत खऱ्या कामाचा थोडा अंश असावा : एखादे लहान पान तयार करून दाखव. पण इथेही अतिरेक नको. ‘माहितीकोशातून अमुक नोंद काढून दाखव’ असे विचारले, आणि दोन्ही सर्व्हर एकाच माहितीकोशावर अवलंबून असले, तर तो क्षणभर मंदावताच दोघेही एकाच वेळी आजारी ठरतात. दोन्ही यंत्रे धडधाकट, पण पंगतीत कोणीच नाही. कोणते दुखणे या सर्व्हरचे एकट्याचे आणि कोणते सगळ्यांचे सामाईक, हा भेद तपासणी लिहिणाऱ्याला करता आला पाहिजे.

आठवण कुठे ठेवायची

एक सर्व्हर असताना वाचकाची आठवण तिथेच राहते : त्याने प्रवेश केला आहे, त्याने कोणते अंक निवडून ठेवले आहेत. दोन झाले की प्रश्न येतो. पहिले पान एकाने दिले, दुसरे दुसऱ्याने, आणि दुसरा विचारतो, ‘आपण कोण?’ यावर झटपट उपाय म्हणजे वाचकाला एका सर्व्हरशी बांधून टाकायचे. त्याच्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवायची आणि ती पाहून त्याला नेहमी त्याच ठिकाणी पाठवायचे. उपाय चालतो, पण तो सर्व्हर पडला की त्याच्या वाचकांची आठवणही जाते. दीर्घकाळचा उपाय म्हणजे आठवण सर्व्हरबाहेर, रेडिससारख्या सामाईक भांडारात ठेवणे. मग मागचा कोणताही सर्व्हर कोणत्याही वाचकाला ओळखतो. पालखी कोणत्याही भोयाच्या खांद्यावर जाऊ शकते, कारण ती कोणा एकाची नाही.

फायलींचेही तसेच. संपादकाने नवे मुखपृष्ठ चढवले ते एका सर्व्हरवर गेले, तर निम्म्या वाचकांना ते दिसेल, निम्म्यांना रिकामी चौकट. म्हणून चढवलेल्या फायली सामाईक जागीच जायला हव्यात. आणि माहितीकोश एकच असेल, तर मागे सर्व्हर कितीही वाढवा, भार शेवटी त्याच्यावरच येऊन थांबतो. भारवाटपाने भार नाहीसा होत नाही. तो कुठे साचला आहे एवढे उघड होते.

वाटणाऱ्याचा वाटेकरी

आतापर्यंतच्या मांडणीत एक दुबळी जागा आहे, ती चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आली असेल. पुढचाच सर्व्हर पडला तर? मागचे दोघे ठणठणीत असूनही दार बंद. यावर तोडगा म्हणजे पुढचेही दोन ठेवायचे आणि त्यांच्यात एक तरता पत्ता ठेवायचा. व्हीआरआरपी या पद्धतीत पहिला ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असे सांगत राहतो. अंतर सहसा एक सेकंदाचे. साधारण तीन हाका आल्या नाहीत की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. किपअलाइव्हडी हा मुक्त कार्यक्रम हे काम करतो. भाड्याच्या सर्व्हरांवर मात्र अशी हाक जाळ्यातून मोकळेपणी जाऊ दिली जाईलच असे नाही. तिथे पुरवठादाराची पत्ता हलवण्याची स्वतःची सोय वापरावी लागते. आणि दोघांमधला संवाद तुटून दोघांनीही ‘दुसरा गेला, आता मीच’ असे ठरवले तर काय, याचाही विचार आधी करावा लागतो.

हे सगळे नको असेल, तर पुरवठादाराकडूनच तयार भारवाटप भाड्याने मिळते. ॲमेझॉनने ही सेवा २००९ मध्ये सुरू केली, आता बहुतेक मोठे पुरवठादार ती देतात. संस्थेत तांत्रिक मनुष्यबळ नसेल तर हा मार्ग शहाणपणाचा. महिन्याचे भाडे वाढते, रात्रीची झोप मिळते.

क्षमतेचा हिशेबही इथेच मांडावा. मागचे दोन सर्व्हर प्रत्येकी साठ टक्के भरलेले असतील आणि एक पडला, तर दुसऱ्यावर एकशेवीस टक्के भार येतो आणि तोही पडतो. म्हणजे दोन असताना कोणीही पन्नास टक्क्यांच्या वर जाता कामा नये, तीन असताना सहासष्टच्या. आणि आधीचे रांगेचे गणित लक्षात घेता यापेक्षाही बरेच खाली राहावे. दोन सर्व्हर घेऊन दोन्ही काठोकाठ भरणे म्हणजे आधाराची भावना विकत घेणे, आधार नव्हे.

प्रामाणिक नकार

कितीही यंत्रे लावली तरी एखादी संध्याकाळ त्यांच्यापेक्षा मोठी निघू शकते. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर लसीची नोंदणी खुली झाली. सायंकाळी चारला दार उघडताच ते काही काळ कोलमडले, आणि तरीही त्या दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. अशा वेळी प्रश्न वेगाचा राहत नाही, न्यायाचा होतो : कोणाला आत घ्यायचे आणि उरलेल्यांना काय सांगायचे?

यंत्रणेला मर्यादा सांगितली नाही, तर ती सगळ्यांना आत घेते आणि कोणालाच काही देत नाही. त्यात भर म्हणजे खोळंबलेला माणूस पुन्हा पुन्हा कळ दाबतो. सर्व्हर जुन्या मागण्या पूर्ण करत राहतो, ज्यांचे मागणारे केव्हाच निघून गेलेले असतात. म्हणून मागच्या प्रत्येक सर्व्हरला एका वेळी पेलतील तेवढ्याच जोडण्या द्याव्यात, थोड्यांना दारात रांगेत थांबवावे, आणि त्यापलीकडच्यांना लगेच व नम्रपणे सांगावे की आत्ता गर्दी आहे, थोड्या वेळाने या. एचए-प्रॉक्सीत हे दोन-तीन ओळींत लिहिता येते. लगेच मिळालेला प्रामाणिक नकार हा न संपणाऱ्या चक्रापेक्षा वाचकाचा अधिक मान राखतो.

लहान संग्रहाने याआधी एक पायरी मात्र जरूर चढावी. जुन्या अंकातली कथा रोज बदलत नाही. ते पान प्रत्येक वाचकासाठी नव्याने तयार करण्याऐवजी एकदा तयार करून तसेच साठवून ठेवले, तर एकच साधा सर्व्हर कितीतरी पट वाचकांना पुरतो. अनेक संस्थांना भारवाटपाआधी एवढ्याचीच गरज असते. शिवाय भारवाटप म्हणजे जतन नव्हे, हेही नीट समजून घ्यावे. चुकून पुसलेला अंक दोन्ही सर्व्हरांवरून सारख्याच तत्परतेने पुसला जातो. त्याची प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या हातात असावी लागते.

माणसांची खांदेपालट

यंत्रांच्या बाबतीत आपण ‘एकच असू नये’ हा नियम किती कसोशीने लावतो ते पाहिले. आता तोच नियम माणसांना लावून पाहावा. आपल्या किती संग्रहांच्या सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक आहे? नावाची नोंदणी एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर आहे? वार्षिक भाडे कोणाच्या व्यक्तिगत कार्डावरून जाते? संगणकातले थोडे कळणारा एक हौशी माणूस सगळे उभे करतो, आणि तो आजारी पडला, परगावी गेला, कंटाळला किंवा वारला, की काही महिन्यांत नोंदणीची मुदत संपते आणि पन्नास वर्षांचे अंक दिसेनासे होतात. एवढ्या नासाडीला गर्दीची संध्याकाळही लागत नाही.

उपाय साधेच आहेत. मांडणीची फाइल आणि ती तशी का लिहिली याचे टिपण, शक्य तर छापून, संस्थेच्या दप्तरात ठेवावे. नोंदणी व भाडे संस्थेच्या नावे असावे. पासवर्ड किमान दोघांकडे असावेत. वर्षातून एकदा त्या दुसऱ्या माणसाने पहिल्याची मदत न घेता एक सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करून दाखवावा. यंत्राची नाडी दर दोन सेकंदांनी पाहतो, तर माणसांची वर्षातून एकदा पाहायला हरकत नसावी. संस्थांच्या वार्षिक बैठका होतात, तेव्हा हिशेबाच्या विषयाशेजारी हा एक विषय पत्रिकेवर घेता येईल.